शिकागोच्या रिलायन्स बिल्डिंगमध्ये तीन रात्री (आणि जुन्या व्यापारी इमारतींतली हॉटेलं)

ओवरी

भाचीच्या पदवीदानासाठी मे महिन्यात शिकागोला जाणं झालं. बाकी मंडळी उपनगरात बहिणीकडे राहिली. मी आणि हे, आम्ही तीन रात्री मुद्दाम शहरात काढल्या, स्टेट स्ट्रीट आणि वॉशिंग्टन स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या रिलायन्स बिल्डिंगमध्ये. आपल्याकडच्या कंपनीशी या नावाचा काही संबंध नाही. इमारत १८९५ साली पुरी झाली. खाली दुकान आणि वर कार्यालयं, डॉक्टर-दंतवैद्यांचे दवाखाने, अशी ती शंभर वर्षं नांदली. १९९९ मध्ये तिचं हॉटेल झालं, तेव्हा नाव होतं हॉटेल बर्नहॅम. पुढे चालवणारे बदलले, नावंही बदलली, म्हणून मी इथे इमारतीचंच नाव घेते आहे.

लिफ्टमधून आमच्या मजल्यावर बाहेर पाऊल टाकलं आणि मी तिथेच थांबले. हॉटेलचा बोळ म्हटला की गालिचा, मंद दिवे आणि एकासारखी एक गुळगुळीत दारं डोळ्यांपुढे येतात. इथे पायाखाली बारीक तुकड्यांची मोझेकची फरशी, भिंतींना कमरेच्या वरपर्यंत संगमरवर, आणि दोन्ही बाजूंना कार्यालयांची दारं. गडद लाकडाची चौकट, वरच्या अर्ध्या भागात दुधी काच, काचेवर रंगवलेला खोलीचा क्रमांक, आणि दाराला टपाल टाकायची पितळी फट. ह्यांनी किल्ली काढली, दार उघडलं, सामान आत नेलं. मी बाहेरच उभी.

माझे वडील फोर्टात, फिरोजशहा मेहता रस्त्यावरच्या एका विमा कंपनीत होते. मे महिन्याच्या सुट्टीत एखाद्या शनिवारी ते मला बरोबर न्यायचे. तिसऱ्या मजल्यावर असंच दार होतं. दुधी काचेवर काळ्या अक्षरांत खात्याचं नाव, अक्षरांना बारीक सोनेरी कड. मी बाहेरच्या बाकावर बसायचे आणि काचेमागून वडिलांची सावली जाता-येता दिसायची. उंची आणि चालीवरून ओळखायची ती सावली. शिकागोच्या त्या बोळात पहिल्या रात्री आमच्या दाराबाहेरून कुणी तरी गेलं, काचेवर सावली सरकली आणि माझ्या घशात आवंढा आला. वडिलांना जाऊन एकवीस वर्षं झाली.

आता खोलीबद्दल. खोली म्हणजे एका जुन्या दवाखान्याएवढी जागा, आणि त्या जागेचं खरं वैभव म्हणजे खिडकी. मधे एक प्रचंड अखंड काच, तिच्या दोन्ही बाजूंना उघडता येणाऱ्या अरुंद झडपा. खिडकीचा भाग भिंतीतून थोडा पुढे आलेला आहे, त्यामुळे तिच्यापाशी बसलं की रस्त्याच्या दोन्ही टोकांपर्यंत दिसतं. समोर तिरपं मार्शल फील्डचं जुनं दुकान (आता मेसीज) आणि त्याच्या कोपऱ्यावरचं ते मोठं हिरवट घड्याळ. सकाळी सहाला उठून मी तिथे चहा घेऊन बसत होते. विजेचे दिवे महाग आणि मिणमिणते होते त्या काळात कारकुनाला, दंतवैद्याला दिवसभर पुरेल एवढा उजेड द्यायचा, म्हणून ही खिडकी एवढी मोठी. ती कामासाठी घडवलेली आहे हे सतत जाणवतं. प्रासाद किंवा हवेलीच्या हॉटेलात पाहुण्याला राजा झाल्यासारखं वाटावं अशी सगळी मांडणी असते. इथे मला कुणाच्या तरी कामाच्या जागी आदराने उतरल्यासारखं वाटलं, आणि ते मला फार जास्त भावलं.

तुमच्यापैकी कुणी जुन्या पेढीत, बँकेत, टपाल कार्यालयात, गोदामात केलेल्या हॉटेलात राहिलं आहे का? तिथे काय राखलं होतं आणि काय घालवलं होतं, हे वाचायला आवडेल.

---

रेघ

ओवरीताई, मी बांधकामाच्या सांगाड्यांची गणितं करणारा माणूस, त्यामुळे रिलायन्सबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तिची जन्मकथाच विलक्षण आहे. जागेचा मालक विल्यम हेल हा लिफ्टच्या धंद्यातला. म्हणजे उंच इमारती का होणार हे त्याला इतरांच्या आधी कळलेलं. जागेवर जुनी बँकेची इमारत उभी होती आणि वरच्या मजल्यांच्या भाडेकरूंचे करार १८९४ पर्यंतचे. हेल थांबायला तयार नव्हता. मग १८९० मध्ये त्यांनी जुन्या इमारतीचे वरचे मजले स्क्रू-जॅकांवर तोलून धरले, खालचा मजला काढून टाकला, नवा पाया घातला आणि नवा तळमजला बांधला. वर भाडेकरूंचं काम चालूच! शिकागोला ही कला नवी नव्हती. १८५० आणि ६० च्या दशकांत गटारं घालण्यासाठी त्या शहराने अख्ख्या इमारती जॅकांवर उचलल्या होत्या.

तळमजल्याची रचना जॉन रूट या वास्तुकाराची. तो जानेवारी १८९१ मध्ये न्यूमोनियाने गेला, जेमतेम एकेचाळिसाव्या वर्षी. वरचे मजले त्याचा भागीदार डॅनियल बर्नहॅम याच्या कार्यालयातल्या चार्ल्स ॲटवूडने रचले. भाडेकरूंचे करार संपल्यावर काम सुरू झालं आणि वरच्या दहा मजल्यांचा पोलादी सांगाडा पंधरा दिवसांत उभा राहिला. आज आपल्याकडे दहा मजल्यांच्या स्लॅबना किती महिने लागतात ते आठवा.

आता ताईंच्या खिडकीकडे येतो. सांगाडा गणिताने सांभाळला एडवर्ड शँकलंडने. वाऱ्याच्या धक्क्यासाठी तिरपे आडबंध घातले असते तर ते खिडक्यांच्या आड आले असते. त्याऐवजी त्याने खांब दोन-दोन मजल्यांच्या उंचीचे घेतले, त्यांचे सांधे एकाच पातळीवर येऊ दिले नाहीत, आणि खोल तुळया खांबांना घट्ट जखडल्या. टेबलाचे पाय फळीला घट्ट बसवलेले असले की टेबल हलत नाही, तसं. त्यामुळे भिंतीवर काही भारच उरला नाही. म्हणून ती जवळजवळ सगळी काचेची होऊ शकली.

फरक पाहायचा असेल तर त्याच गावात, चालत दहा-पंधरा मिनिटांवर मोनॅडनॉक बिल्डिंग आहे. उत्तरेकडचा भाग याच बर्नहॅम आणि रूटचा, १८९१ चा. सोळा मजले विटांच्या भिंतींवर तोललेले, आणि तळाशी भिंतीची जाडी सहा फूट! दोन इमारतींमध्ये चारच वर्षांचं अंतर. एकीत भिंत भार वाहते आहे, दुसरीत ती पडद्यासारखी लटकते आहे.

---

शिकागोवासी

धागा पाहून फार आनंद झाला. मी या इमारतीवरून अठ्ठावीस वर्षं कामाला जातो आहे, आणि तिच्या आजारपणाच्या गोष्टीही ऐकल्या आहेत.

बाहेरचं पांढरं कवच म्हणजे चकचकीत मुलामा दिलेली टेराकोटा, भाजलेली माती. त्यामागे १८७१ च्या आगीचा धडा आहे. त्या आगीत शहराच्या सतरा हजारांवर इमारती गेल्या आणि सुमारे एक लाख माणसं बेघर झाली. उघडं लोखंड आगीत वाकतं हे तेव्हा डोळ्यांनी पाहिलं लोकांनी. म्हणून पोलादाला मातीचं आवरण. शिवाय मुलामा गुळगुळीत, पावसाने आपोआप धुतला जाईल, कोळशाच्या धुराच्या शहरात इमारत शुभ्र राहील, अशी आशा होती. प्रत्यक्षात पाणी सांध्यांतून आत शिरलं, मागचं लोखंड गंजलं, फुगलं, आणि तुकड्यांना तडे गेले. मी इथे आलो तेव्हाच्या काही वर्षं आधीपर्यंत ही इमारत काळवंडलेली, वरचे मजले बहुतेक रिकामे, डोक्यावरची कंगणी (छताच्या कडेची पुढे आलेली पट्टी) कधीच काढून टाकलेली, अशी होती असं जुने लोक सांगतात. १९७६ मध्ये राष्ट्रीय महत्त्वाची वास्तू म्हणून तिची नोंद झाली होती, तरी अवस्था ही. नोंद झाली म्हणजे इमारत वाचली असं होत नाही.

१९९० च्या दशकात शहराने पुढाकार घेतला. आधी बाहेरचं कवच दुरुस्त केलं, कंगणी पुन्हा बसवली, आणि मग आत १२२ खोल्यांचं हॉटेल झालं. जे वाचलं नाही तेही सांगतो, कारण त्याशिवाय याची किंमत कळत नाही. सलिव्हन आणि ॲडलर या वास्तुकारांची १८९४ ची स्टॉक एक्स्चेंज इमारत इथून जवळच होती. १९७२ मध्ये ती पाडली. रिचर्ड निकल नावाचा छायाचित्रकार पाडकामातून नक्षीचे तुकडे वाचवत हिंडत होता. एप्रिल १९७२ मध्ये आतला भाग कोसळून तो तिथेच गेला. त्या इमारतीचं सौद्यांचं दालन आता आर्ट इन्स्टिट्यूट या कलासंग्रहालयात पुन्हा उभारलेलं आहे आणि प्रवेशाची कमान बाहेर बागेत उभी आहे. ओवरीताई, पुन्हा आलात तर ती कमान पाहा. दार आहे, इमारत नाही.

आणखी एक. ज्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या वास्तूत सप्टेंबर १८९३ मध्ये विवेकानंद बोलले, ती इथून चालत दहा मिनिटांवर. तेव्हा या कोपऱ्यावर रूटचा नवा तळमजला आणि त्याच्यावर अजून जुनीच इमारत, असं चित्र असणार.

जाणाऱ्यांसाठी: ओहेअर विमानतळावरून ब्लू लाइन थेट वॉशिंग्टन स्थानकापर्यंत येते, तिथून एक चौक चालायचं. याच पद्धतीची आणखी हॉटेलं हवी असतील तर लासाल स्ट्रीटवर १८९४ ची न्यूयॉर्क लाइफ विमा कंपनीची इमारत आहे, नदीकाठी १९२३ ची लंडन गॅरंटी इमारत आहे, आणि मिशिगन ॲव्हेन्यूवर गडद हिरव्या टेराकोटाची, सोनेरी टोकाची १९२९ ची कार्बाइड अँड कार्बन. तिन्ही मूळच्या कार्यालयांच्या, तिन्हींमध्ये आज हॉटेलं.

---

सदाफुली

ओवरीताई, वाचताना डोळे भरून आले. एक विचारते. आम्ही सप्टेंबरात सासूबाई-सासऱ्यांना घेऊन जाणार आहोत. सासऱ्यांचं वय ७८, गुडघे दुखतात. दुधी काचेच्या दारामुळे झोपमोड होते का? रस्त्याचा आवाज? आणि शाकाहारी जेवणाचं कसं?

---

ओवरी

सदाफुली, दाराच्या काचेला आतून पडदा असतो, तो ओढला की बोळातला उजेड येत नाही. मी तो मुद्दाम थोडा उघडा ठेवला होता, माझं कारण वर लिहिलंच आहे.

भर बाजारातली जागा आहे, त्यामुळे शहराचा आवाज असणारच. एक चौक पलीकडे वॉबॅशवर उन्नत रेल्वे धावते, तिची घरघर रात्री दूरवर ऐकू येते. मला तो आवाज आवडला. ज्यांची झोप हलकी आहे त्यांनी वरचा मजला मागावा. लिफ्ट आहे. न्हाणीघरात टब आहे की सपाट फरशी, हे मात्र आरक्षण करतानाच विचारून घ्या, जुन्या इमारतीत प्रत्येक खोलीची मांडणी जागेप्रमाणे वेगळी असू शकते. जेवणासाठी आम्ही सकाळी फळं, दही, ब्रेड आणून ठेवत होतो, दुपारी आसपास सॅलड-सूप, आणि एका संध्याकाळी भाचीने डेव्हन ॲव्हेन्यूला नेलं. तिथे डोशापासून थाळीपर्यंत सगळं मिळतं, पण ते बरंच उत्तरेला आहे.

सासऱ्यांना चालणं जमत नसेल तर कल्चरल सेंटर नक्की दाखवा, दोन चौकांवर आहे. १८९७ चं सार्वजनिक वाचनालय, आत टिफनीच्या रंगीत काचेचा ३८ फूट व्यासाचा घुमट, प्रवेश मोफत आणि बसायला बाकं.

---

फोर्टातला

मी चाळीस वर्षं फोर्टात वकिलांकडे कारकुनी केली. ओवरीताईंनी शिकागोचं लिहिलं आणि मला काळा घोड्याची वॉटसन आठवली. आपल्याकडे नेमकं उलटं घडलं. तिथे कार्यालयांचं हॉटेल झालं, इथे हॉटेलची कार्यालयं झाली.

वॉटसन्स हॉटेल म्हणजे आताचं एस्प्लनेड मॅन्शन. सगळा लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतून, जहाजाने आणून १८६० च्या दशकात इथे जोडलेला. रचना रोलंड मेसन ऑर्डिशची, ज्याने लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकाच्या छतावरही काम केलं होतं. म्हणजे रेघ ज्या सांगाड्याचं कौतुक करतात त्याचा एक पूर्वज आपल्या काळा घोड्यावर, रिलायन्सच्या पंचवीस वर्षं आधी उभा होता. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती याच इमारतीत.

मी पाहिली ती वकिलांची वॉटसन. शेजारी सेशन्स कोर्ट, त्यामुळे खोलीखोलीत वकील, टंकलेखक, झेरॉक्सवाले. मोठ्या खोल्यांचे प्लायवूडने चार-चार भाग पाडलेले. मधल्या चौकात वरून काचेचं छत होतं म्हणे, आमच्या वेळी पत्रे आणि ताडपत्री. सज्जांच्या लोखंडी कठड्यांवर फायली वाळत घातलेल्या मी पाहिल्या आहेत, पावसात भिजलेल्या. भाडं नाममात्र. मालकाला दुरुस्ती परवडत नाही, भाडेकरूला जागा सोडवत नाही. २००५ मध्ये एक भाग कोसळला आणि माणूस गेला. त्याच सुमारास जागतिक पातळीवरच्या धोक्यातल्या शंभर वास्तूंच्या यादीत तिचं नाव आलं. २०१९ मध्ये आयआयटीच्या तज्ज्ञांनी ती पाडावी असा अहवाल दिला, तर दुसऱ्या जाणकारांनी ती दुरुस्त होऊ शकते असं सांगितलं.

शिकागोचे लोक जॅकांवर मजले तोलून धरतात. आम्ही एक इमारत पन्नास वर्षं नुसती बघत राहिलो. मला याचं खरंच फार दुःख आहे. माझं अख्खं नोकरीचं आयुष्य त्या जिन्यांवर गेलं.

---

पेठकर

सगळ्यांचं वाचलं. माझं मत थोडं वेगळं आहे, कुणी राग मानू नये.

या धाग्यात इमारत वाचली याचा आनंद आहे, तो मलाही आहे. पण दंतवैद्य, घड्याळजी, शिंपी, टंकलेखक यांचं काय झालं? हॉटेलात एका रात्रीचं जे भाडं आहे त्यात माझ्या भावाच्या पेठेतल्या दुकानाचं महिन्याचं भाडं निघतं. काम करणाऱ्यांच्या जागेत आता फक्त राहून जाणारे येतात. दारावरची टपालाची फट राहिली, पण टपाल कुणाचं? फोर्टातला म्हणतात ती वॉटसन पडकी होती हे खरं, पण तिच्यात शे-दोनशे कुटुंबांची पोटं भरत होती. उद्या तिचं शिकागोसारखं हॉटेल झालं तर तुम्हाला-मला कॉफी प्यायलासुद्धा आत जाता येईल का, हा प्रश्न मला सोडत नाही.

---

शिकागोवासी

पेठकर, प्रश्न रास्त आहे आणि मी त्यावर बरेचदा विचार केला आहे. इथल्यापुरतं सांगतो. रिलायन्समधले भाडेकरू हॉटेलमुळे गेले नाहीत. ते आधीच पांगले होते. डॉक्टरांना नव्या इमारती मिळाल्या, ग्राहक उपनगरांत गेले. १९८० च्या आसपास वरच्या मजल्यांना वारसच उरला नव्हता.

पैशाचं गणित असं. ऐतिहासिक म्हणून नोंदलेली इमारत ठरलेल्या निकषांनुसार दुरुस्त केली तर पात्र खर्चाच्या २० टक्के रक्कम मालकाला संघराज्याच्या आयकरातून वजा मिळते. अट एवढीच की इमारत उत्पन्न देणारी हवी. भाड्याची घरं, कार्यालयं, हॉटेल, काहीही. स्वतःच्या राहत्या घराला ही सवलत नाही. आणि निकष असे की बोळ, जिना, लिफ्टचा चौक, दर्शनी भाग अशी इमारतीची ओळख असलेले भाग जपावे लागतात. ओवरीताईंना कार्यालयाची दारं दिसली त्यामागे कुणाची तरी आवड आहेच, पण कायद्याने धरलेला हातही आहे.

---

रेघ

यात एक रचनेचंही कारण जोडतो. १८९० च्या कार्यालयांची हॉटेलं सहज होतात, १९७० च्या कार्यालयांची होत नाहीत. जुन्या काळी प्रत्येक टेबलापर्यंत खिडकीचा उजेड पोचायला हवा होता, म्हणून मजला अरुंद: मधे बोळ, दोन्हीकडे लहान खोल्या, प्रत्येकीला खिडकी. हा तर हॉटेलचाच नकाशा झाला! ट्यूबलाइट आणि वातानुकूलन आल्यावर मजले इतके खोल झाले की मधल्या भागाला आकाश दिसतच नाही. तिथे खोल्या पाडल्या तर अर्ध्या अंधारकोठड्या होतील.

अवघड असतं ते पाणी. मूळ इमारतीत मजल्यावर एखाद-दुसरं स्वच्छतागृह, आता प्रत्येक खोलीला न्हाणीघर. नळांचे उभे मार्ग काढताना जुनं छत, जुनी फरशी फोडावी लागते. ते जिथे समजून-उमजून केलंय ती इमारत श्वास घेते.

---

बेटावरून

सिंगापूरहून लिहिते. इथलं फुलर्टन हॉटेल अनेक मराठी पर्यटकांनी निदान बाहेरून पाहिलं असेल, मर्लायनच्या (सिंहाचं तोंड आणि माशाचं शरीर असलेल्या पुतळ्याच्या) समोरची ती राखाडी खांबांची इमारत. १९२८ ची. सरकारी टपाल कार्यालय म्हणून सगळे ओळखतात, पण सुरुवातीला तिच्यात व्यापाऱ्यांची एक्स्चेंज, चेंबर ऑफ कॉमर्स आणि सिंगापूर क्लबही होता. बंदरच समोर, त्यामुळे बोटीतून टपाल उतरवून भुयारातून थेट आत नेत. १९९६ मध्ये टपाल हललं, २००१ मध्ये हॉटेल सुरू झालं, २०१५ मध्ये राष्ट्रीय स्मारक झालं.

पेठकरांना उत्तर म्हणून सांगते. माझ्या शेजारच्या चिनी आजींचं वय नव्वदीच्या घरात. त्यांचे यजमान तिथे टपाल वर्गीकरणाला होते. आजींच्या वाढदिवसाला मी त्यांना तिथे चहाला नेलं. त्या लाल टपालपेटीपाशी गेल्या, तिच्यावर हात ठेवला आणि मलय-चिनी मिश्र बोलीत यजमानांची रात्रपाळी कशी असायची ते सांगू लागल्या. तिथला एक कर्मचारी थांबून सगळं ऐकत राहिला. चहा महाग होता, हे खरं. पण दार उघडं होतं.

लंडनमधलं, बँक ऑफ इंग्लंडजवळचं नेड हॉटेलही पाहिलं आहे. मिडलँड बँकेचं मुख्यालय, आपल्या नवी दिल्लीवाल्या लटयन्सने रचलेलं. तळघरातल्या तिजोरीच्या खोलीत तीन हजारांहून जास्त लॉकर तसेच भिंतीभर ठेवले आहेत. भव्य आहे, पण माझं मन फुलर्टनमध्येच जास्त रमतं.

---

माळरान

एक वाईट अनुभवही नोंदवतो, हॉटेलचं आणि गावाचं नाव घेत नाही. आपल्याच देशात एका जुन्या कापूस-व्यापाऱ्याच्या पेढीचं हॉटेल केलेलं. जाहिरातीत कमानी, लाकडी खांब. प्रत्यक्षात खोलीत प्लास्टरचं खोटं छत, कमानीचा वरचा अर्धा भाग त्याच्या वर गडप. पाठीमागे चुन्याच्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून वर ऑइलपेंट. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटने तिचं तोंड बांधलं की ओल आतच कोंडते. रात्रभर कुबट वास आणि पलंगामागे पापुद्रे गळत होते. सकाळी चौकीदाराने मागचा बंद भाग दाखवला. गादीवर बसून हिशेब लिहायची बैठक, भिंतीतले खण, खणांच्या लाकडी झडपांवर गावोगावच्या अडत्यांची नावं मोडीत लिहिलेली. तो भाग ‘पाहुण्यांना दाखवण्यासारखा नाही’ म्हणून भंगार ठेवायला वापरत होते. मी तासभर तिथेच बसलो.

---

ओवरी

माळरान, त्या झडपांचे फोटो असतील तर कृपा करून जपून ठेवा, मोडी वाचणाऱ्या कुणाला तरी दाखवा. असं काही वाचलं की जीव तुटतो.

पेठकर, तुमच्या प्रश्नावर दोन दिवस विचार केला. मी राहिले कारण बहिणीने आणि तिच्या यजमानांनी मिळून ती भेट दिली होती. एरवी मीही तळमजल्यावरून डोकावून परत आले असते. पण मला त्या बोळात जे मिळालं ते कामाच्या माणसांची खूण पुसली नव्हती म्हणून मिळालं. दार गुळगुळीत करणं सोपं आणि स्वस्त होतं. कुणी तरी ठरवलं की नाही, इथे दंतवैद्य बसत होते, कारकून बसत होते, ते दिसलं पाहिजे. वॉटसनचं उद्या काहीही होवो, हॉटेल होवो, वाचनालय होवो, की पुन्हा वकील येवोत, त्या टंकलेखकांची एक तरी खूण तिथे राहावी असं मला मनापासून वाटतं. फोर्टातला काका, तुमच्यासारख्यांनी हे लिहून ठेवायला हवं. कुणाची खोली कुठे होती, चहावाला कुठे उभा राहायचा, सगळं.

---

फोर्टातला

लिहितो. निवृत्तीनंतर वेळ आहे आणि बरंच आठवतं.

ओवरीताई, काल बँकेच्या कामासाठी फोर्टात गेलो होतो, तेव्हा फिरोजशहा मेहता रस्त्यावरून चक्कर मारली. तुम्ही निरोपात सांगितलेली इमारत सापडली. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढलो. दार नाही. सगळीकडे ॲल्युमिनियमच्या चौकटी आणि नव्या कंपन्यांच्या पाट्या. जिना मात्र जुनाच आहे, लाकडी कठडा, वळणावर हात घासून गुळगुळीत झालेला. बोळाच्या टोकाला एक बाक होतं. तेच का, हे मला सांगता येणार नाही. लोखंडी पायांचं, फळ्यांचं, पाच फूट लांब. मी पाच मिनिटं बसलो.

---

ओवरी

काका, पाय लोखंडी होते. फळ्या हिरव्या रंगाच्या होत्या का?

---

फोर्टातला

आता तपकिरी आहेत. पण एका फळीचा टवका उडालाय, तिथे खाली हिरवा रंग दिसतो.

---

ओवरी

डिसेंबरात मुंबईला येते आहे. जमलं तर बरोबर याल का? जिना मला दाखवाल.

---

फोर्टातला

नक्की. दुपारी तीननंतर या, तेव्हा लिफ्टची रांग नसते. पण आपण जिन्यानेच जाऊ.

---

सदाफुली

आमचं आरक्षण झालं, सप्टेंबरात चार रात्री, वरचा मजला. कोणत्या बाजूची खोली मागू?

---

ओवरी

पूर्वेकडची, स्टेट स्ट्रीटवरची. कोपऱ्याजवळची मिळाली तर घड्याळ दिसेल. आणि सासऱ्यांची खुर्ची खिडकीच्या मधल्या काचेपाशी ठेवा.